इर्मीची दीड वर्षं

प्रस्तुत लेखकाला शाळेत एकच गोष्ट मन लावून शिकवली गेली होती: समोर लिहिलंय ते मोठ्याने आणि न अडखळता वाचायचं. त्यामुळे होल्टवेडे क्लबाच्या वार्षिक सभेत मानकऱ्यांची यादी वाचायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याने ते चोख पार पाडलं.

"इर्मट्राउट टेनहागन!" त्याने माइकमध्ये घोषणा केली. "महिला व्यायाम विभागात पन्नास वर्षांची अखंड सेवा! सोन्याची पिन!"

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच दमल्या. सभागृहात बसलेल्यांपैकी एकानेही इर्मीला आयुष्यात कधी व्यायाम करताना पाहिलं नव्हतं. फुटबॉल खेळताना पाहिलं होतं, पोरींना शिकवताना पाहिलं होतं, पंचाच्या नाकाला नाक लावून भांडताना तर दर मोसमात पाहिलं होतं. व्यायाम विभागाच्या प्रमुख वाल्बुर्गाबाई पिनेची डबी उघडून मंचावर उभ्या होत्या. त्यांनी ती हळूच मिटली.

इर्मी जागेवरूनच उठली. "वाल्बुर्गा, मी तुझ्या विभागात किती वेळा आले गं?"

"माझ्या आठवणीत... एकदा."

"काय केलं?"

"लाकडी घोड्यावरून उडी मारलीस."

"मग?"

"घोडा पडला," वाल्बुर्गाबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

अख्खं सभागृह हसलं. इर्मी मात्र हसली नाही. "मग ही पिन त्या घोड्याला द्या," असं म्हणून तिने खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला आणि ती बारकडे निघून गेली. प्रस्तुत लेखकाने यादीतलं पुढचं नाव वाचलं. त्याचं या गोष्टीतलं काम इथेच संपलं, आणि ते एका परीने बरंच झालं.

इर्मी अडुसष्ट वर्षांची, उंच, हाडकुळी बाई. तरुणपणी गिरणीत होती, सूत गुंडाळायच्या खात्यात. गिरणी बंद पडल्यावर तिने पिवळ्या सायकलवरून गावाचं टपाल वाटलं, त्यामुळे होल्टवेडेतली प्रत्येक पिढीतली कुत्री तिला ओळखतात. एकदा लग्न केलं, ते टिकलं नाही. फुटबॉल टिकला. गुडघे गेल्यावर ती गोलात उभी राहिली, बोटं गेल्यावर प्रशिक्षक झाली, आणि आता पोरी तिला प्रशिक्षणातही फार बोलू देत नाहीत, तेव्हा दर सोमवारी ती संघाचे शर्ट धुते. महिला संघ जिल्ह्याच्या शेवटच्या विभागात खेळतो. तिथून खाली पडायला जागाच नाही, हा त्याचा एक फायदा.

सभा संपल्यावर क्लबाचा अध्यक्ष डेटलेफ तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. डेटलेफचा घरं गरम ठेवायच्या बॉयलरचा धंदा आहे आणि माणसंही तशीच बेताच्या तापमानात ठेवावीत असं त्याचं मत आहे.

"पोराची चूक झाली गं, इर्मी. यादीत प्रवेशाच्या वेळचा विभाग छापून आलाय. आपण तिथे फुटबॉल करून टाकू."

"कर."

"पण एक अडचण आहे. क्लबात महिला फुटबॉल सुरू झाला एकाहत्तरला. बाहेर भिंतीवर पाटीच आहे तशी. फुटबॉल धरला तर तुझी भरतात अठ्ठेचाळीस. सोन्याची पिन पन्नासला."

"म्हणजे व्यायाम केला असेल तर पन्नास, आणि फुटबॉल खेळले असेन तर अठ्ठेचाळीस."

"दोन वर्षं थांब ना. कुठे पळून चाललीयेस?"

"मी थांबेन रे. नाही दिलीस तरी चालेल, मला काय ती नाइटगाउनला लावायचीये? पण एकोणसत्तर-सत्तरची ती दीड वर्षं मी काय करत होते, तेवढं सांग."

"सगळ्या गावाला माहितीये. कुंपणावरून उड्या मारत होतीस."

"मग लिही तसं."

डेटलेफने ग्लासाखालचा पुठ्ठा सरळ केला. "इर्मी, क्लबाने त्या वेळी वरती लेखी कळवलंय की आमच्या मैदानावर बायका खेळत नाहीत. आता त्याच्या उलट लिहायचं, तर बघणारं कोणीतरी पाहिजे. तुमच्या अकराजणींपैकी नको. तुम्ही म्हणणारच. बाहेरचं कोणी, ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. जूनच्या मेळाव्याला आण, मी तिथल्या तिथे माझ्या हाताने फुटबॉल लिहितो."

डेटलेफ दुष्ट नाही. फक्त त्याला पावतीशिवाय झोप येत नाही.

*

त्या काळी सबंध देशात बायकांच्या फुटबॉलवर बंदी होती. कायद्याने नाही, फुटबॉल महासंघाने घातलेली. कोणत्याही क्लबाने बायकांना मैदान द्यायचं नाही, कोणत्याही पंचाने त्यांच्या सामन्यात शिट्टी फुंकायची नाही. कारण असं दिलं होतं की या झटापटीत बाईपणाची शोभा जाते. गिरणीत सुताच्या धुरळ्यात आठ तास उभं राहून ती जात नसे, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

हे इर्मीचं वाक्य नाही, रोझविताचं आहे. रोझविता शेजारच्या यंत्रावर होती: ठेंगणी, रुंद खांद्यांची, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघायची सवय असलेली. "एवढं उभं राहतो आपण," ती एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "ह्या पायांचा दुसरा काही उपयोग करायचा की नाही?" भावाचा चेंडू तिने आणला. मुली इर्मीने जमवल्या. क्लबात बायकांना शिरायला एकच दार होतं, व्यायाम विभागाचं, म्हणून एप्रिल एकोणसत्तरमध्ये अकराजणींनी व्यायाम विभागाचे अर्ज भरले. एकदा व्यायामशाळेत जाऊन आल्या. घोड्याचं काय झालं ते वर आलंच आहे. त्यानंतर दर गुरुवारी घरी व्यायाम सांगून त्या निघत, आणि पुरुषांचा तिसरा संघ सराव आटपून गेला की मागच्या लाल चुऱ्याच्या मैदानावर खेळत. पडलं की गुडघ्यात लाल खडे रुतत. आया विचारत, हा कसला व्यायाम? मुली सांगत, जमिनीवरचा.

ना पंच, ना सामने, ना फोटो. फोटो निघाला असता तर तो त्यांच्याविरुद्धचाच पुरावा झाला असता.

सत्तरच्या सप्टेंबरात, सकाळच्या धुक्यात, मक्याने भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावर वळला आणि गिरणीकडे निघालेली रोझविता तिच्या मोपेडसकट त्याखाली गेली. एकवीस वर्षांची होती. ऑक्टोबरच्या शेवटी बंदी उठली. वरून परवानगी आली, अटींसकट: चेंडू हलका, अर्ध्या-अर्ध्या तासाचे डाव, बुटांना खिळे नाहीत, हिवाळ्यात सक्तीची विश्रांती. एकाहत्तरच्या मार्चमध्ये दहा जणी आणि एक नवी मुलगी पहिल्यांदा राजरोस मैदानावर उतरल्या. भिंतीवरची पाटी तिथून सुरू होते.

इर्मीला पिनेचं काही नव्हतं. पण ती दीड वर्षं व्यायाम ठरली, तर रोझविताने ह्या जगात कधी चेंडूला पायच लावला नाही. तिला दुसरी वर्षं मिळालीच नव्हती.

*

साक्षीदार म्हणाल तर हयात असा एकच होता, अल्फोन्स. तीन तपं क्लबाचा मैदानरक्षक. आता शहाऐंशी वर्षांचा. मैदानामागच्या घरात राहतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून गवतावर नजर ठेवून आत्ताच्या मैदानरक्षकाला दिवसातून दोनदा फोन करतो. बंदीच्या काळात ह्याच्या फाटकातून मांजरसुद्धा आत गेली नाही, अशी त्याची ख्याती. आणि ती त्याने स्वतःच मेहनतीने पसरवलेली.

महिला संघाची कथा ह्याच ख्यातीवर उभी होती. अल्फोन्स फाटकाला कुलूप लावून बसायचा, आणि अकरा पोरी पूर्वेच्या बाजूचं उंच कुंपण चढून आत उतरायच्या. संघात आलेल्या प्रत्येक मुलीला ही गोष्ट ऐकवली जाई. नुसती ऐकवली जात नसे: ऑगस्टमध्ये मोसमाच्या पहिल्या सरावाला नव्या मुलींनी ते कुंपण चढूनच आत यायचं, असा संघाचा रिवाज होता. जुन्या आत उभ्या राहून टाळ्या वाजवत. दर वर्षी एखादी तरी पँट त्या तारांना अर्पण होई.

इर्मी एप्रिलच्या एका दुपारी अल्फोन्सकडे गेली.

"पाय पूस," तो खिडकीवरची नजर न काढता म्हणाला. "टपाल आणायचीस तेव्हाही चिखल घेऊन यायचीस."

"चिखलातून आलेलं पेन्शन घेत होतास की."

क्लबात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. त्यात वयाचा प्रश्न येत नाही. इर्मीने कोट न काढता सभेतली हकीकत सांगितली. तो ऐकत होता की बाहेर कोणी कोपऱ्यातल्या गवतावरून चालतंय ते बघत होता, कळायला मार्ग नव्हता. शेवटी म्हणाला:

"तू शब्द दिला होतास."

"म्हणून तर पन्नास वर्षं पाळला. आता सोडव मला त्यातून."

त्याचं असं आहे की कुंपणाची गोष्ट खोटी होती. अगदी खोटी नाही: पहिले दोन गुरुवार पोरी खरोखर कुंपण चढूनच आत गेल्या. तिसऱ्या गुरुवारी अल्फोन्सने त्यांना पकडलं. अवजारांच्या खोलीतून दाताळं घेऊन तो मैदानावर आला, तशा दहाजणी कुंपणाकडे पळाल्या. रोझविता तेवढी मैदानात उभी राहिली. लांबून बाकीच्यांना एवढंच दिसलं की दोघं काहीतरी बोलतायत. मग अंधार पडायला लागला आणि त्या कुंपणापलीकडे जाऊन थांबल्या. बऱ्याच वेळाने रोझविता आली. फाटकातून. चेंडू काखेत. म्हणाली, "गुरुवारी फाटक उघडं राहील, दिवेही राहतील. दर गुरुवारी त्याला एक ताटभर केक द्यायचा. आणि कोणी पकडलंच तर आपण कुंपण चढून आलो असं सांगायचं, मरेपर्यंत. मी शब्द दिलाय सगळ्यांच्या वतीने."

"त्याला कसं पटवलंस?"

"बोलले त्याच्याशी," एवढंच रोझविता म्हणाली.

केक भाजायचं काम इर्मीकडे आलं. प्लमच्या दिवसांत प्लमचा, एरवी सफरचंदाचा नाहीतर नुसत्या साखर-लोण्याचा. त्या काळात अल्फोन्स चांगला गोलमटोल झाला आणि तो सैल स्वेटर का घालू लागला हे क्लबात कोणाला कळलं नाही. बंदी उठल्यावरही गोष्ट बदलता येईना, कारण तोवर अल्फोन्सने तेव्हाच्या अध्यक्षांच्या तोंडावर सांगून ठेवलं होतं की माझ्या फाटकातून एकही बाई गेली नाही. बदलली असती तर त्याची नोकरी गेली असती. नंतर नोकरीचा प्रश्न उरला नाही, पण तोवर गोष्ट मोठी झाली होती आणि दोघंही तिच्या सावलीत बसायला सरावले होते. चारचौघांत भेटली की तो म्हणायचा, "कुंपणवाली आली," आणि ती म्हणायची, "कुलूपवाला बसलाय." लोक हसायचे. यांचं पहिल्यापासून वाकडं आहे, म्हणायचे.

"तू एवढंच सांग," इर्मी म्हणाली, "की आम्ही खेळत होतो. तू पाहिलंस. आत कसं आलो ते नको सांगूस. कुंपणावरूनच आलो असं म्हण."

"वा! म्हणजे अकरा पोरी, एक चेंडू, डोक्यावर दोन दिवे ढणढण पेटलेले, दर गुरुवारी, दीड वर्षं. आणि मैदानरक्षकाला पत्ता नाही! मी काय गाढव होतो?"

"आत्तापर्यंत चाललंच की."

"आत्तापर्यंत मी म्हणत होतो की कोणी आलंच नाही. त्यात मी गाढव होत नाही." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघितलं. "मला लबाड म्हटलं तर चालेल, इर्मी. लबाड माणसाला लोक बियर पाजतात. गाढवाला नाही. सांगेन तर सगळं सांगेन. फाटकासकट. अर्धवट खरं बोलायची मला सवय नाही."

"पन्नास वर्षं खोटं बोललास."

"ते अर्धवट नव्हतं ना."

इर्मी उठली. दारात तिने विचारलं, "तुझं काय जाणार आहे यात?"

"ते माझं मी बघेन," अल्फोन्स म्हणाला, आणि पुन्हा खिडकीकडे वळला. तेवढ्यात त्याला गवतावर कोणीतरी दिसलं आणि त्याने फोन उचलला.

*

स्वतःचं काय जाणार होतं ते इर्मीला पक्कं माहीत होतं. आजवर पन्नासेक मुलींना तिने ते कुंपण चढायला लावलं होतं. काही बुटक्या, काही जाड, काही भित्र्या. वर पोचल्यावर सगळ्या सारख्याच ओरडत. खाली उतरली की मुलगी संघातली झाली. आता त्यांना सांगायचं की आम्ही फाटकातून येत होतो, हातात केकचं ताट धरून.

मेच्या एका सोमवारी संघाची कप्तान नुराय शर्टांची पिशवी घेऊन आली. नुराय बँकेत शिकाऊ आहे; तिचे आजोबा तुर्कस्तानातून त्याच गिरणीत कामाला आले होते. दोघी मागच्या अंगणात शर्ट वाळत घालत होत्या.

"नुराय, तू कुंपण चढलीस तेव्हा काय झालं होतं गं?"

"पँट फाटली. गुडघ्याला चार टाके. का?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तू काही नाही म्हणतेस तेव्हा आदल्या दिवशी आपण आठ गोलांनी हरलेलो असतो."

इर्मीने दोन चिमटे तोंडात धरले, म्हणजे बोलावं लागू नये. मग ते काढले आणि सगळं सांगून टाकलं. नुराय हातात ओला शर्ट तसाच धरून ऐकत राहिली. तिच्या बुटांवर पाणी ठिबकत होतं.

"फाटकातून."

"हो."

"रांगेत?"

"पाऊस असला तर छत्र्या घेऊन."

"माझे चार टाके परत घे," नुराय म्हणाली. आधी तिला हसू आलं, मग राग, मग पुन्हा हसू, आणि शेवटी राग उरला. "इर्मी, गेल्या ऑगस्टमध्ये ती लहानगी यूला तासभर वर बसून रडत होती. तू खाली उभी राहून काय म्हणालीस? आम्ही चढलो, तूही चढशील."

"दोनदा तर चढलोच होतो."

"दोनदा!"

बराच वेळ दोघी शर्ट झटकत राहिल्या. दहा नंबरचा, चार नंबरचा, पुन्हा दहा नंबरचा, कारण एक जादाचा आहे. मग नुराय म्हणाली, "ती कशी होती? रोझविता. म्हणजे कशी खेळायची?"

इर्मीने शर्टाला चिमटा लावला. "डाव्या पायाची होती."

"अजून?"

"जोरात मारायची."

"अजून काही?"

तिला आठवेना. चेहरा आठवत होता, गिरणीतला रुमाल बांधलेला. मोपेडचा रंग आठवत होता, निळा. पण धावणारी, वळणारी, चेंडू पायाखाली घेतलेली रोझविता शोधायला गेली की तिथे नंतरच्या पन्नास वर्षांतल्या कोणा ना कोणा पोरीचे पाय येऊन उभे राहत. एखादीचं वळणं, एखादीची टाच. एवढ्या जणी तिच्या डोळ्यांसमोरून धावल्या होत्या की पहिली त्यांच्यात पुसली गेली होती.

"कोणाकडून तरी ऐकायला पाहिजे," नुराय म्हणाली. "तुला नाही आठवत, तर जो बघत होता त्याच्याकडून." तिने रिकामी पिशवी घडी केली. "सांगू दे त्याला सगळं. पोरींचं मी बघते. पण यूलाला तू स्वतः सांगायचं."

"सांगते."

"आणि मी जवळ असताना नाही. मला ते बघवणार नाही."

त्याच संध्याकाळी इर्मीने अल्फोन्सला फोन करून कळवलं, फाटकासकट चालेल. पलीकडून उत्तर आलं, "बरं," आणि लगेच, "सात नंबरचा शर्ट वाऱ्याने पडलाय बघ तुझ्या अंगणात." इर्मीचं अंगण त्याच्या खिडकीतून दिसतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

*

जूनचा मेळावा म्हणजे भाजलेले सॉसेज, लहान मुलांच्या शर्यती आणि जुन्या खेळाडूंचा एक सामना, जो दर वर्षी कोणाचा तरी स्नायू दुखावून संपतो. दुपारी डेटलेफने माइक घेतला. "आपले अल्फोन्स काही सांगणार आहेत," म्हणाला. लोक खुर्च्या वळवून बसले. आपल्या कुलपाबद्दल तो पुन्हा एकदा सांगणार असं सगळ्यांना वाटलं. महिला संघाच्या पोरी हिरव्या शर्टांत मागे ओळीने उभ्या होत्या, हाताची घडी घालून. यूला सगळ्यात टोकाला. तिने इर्मीकडे आठवडाभर पाहिलं नव्हतं.

अल्फोन्स काठी टेकत पुढे आला. माइक त्याला नको होता.

"एकोणसत्तर आणि सत्तर, दोन्ही उन्हाळ्यांत दर गुरुवारी ह्या पोरी मागच्या मैदानावर फुटबॉल खेळल्या," तो म्हणाला. "व्यायाम नव्हे. फुटबॉल. मला माहितीये, कारण फाटक मी उघडायचो."

कोणाच्या तरी हातातला सॉसेज ब्रेडमधून घसरला. जुन्यांपैकी एकजण ओरडला, "अल्फोन्स, लबाडा!" आणि अल्फोन्सच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"केकसाठी!" मागून कोणीतरी म्हणालं. ही बातमी गावात दोन दिवस आधीच फुटली होती, पण ती कोणी खरी मानली नव्हती. नुरायने पोरींना सांगितलं म्हणजे सगळ्यांनाच सांगितलं.

"केकसाठी नाही," अल्फोन्स म्हणाला.

इर्मीने मान वर केली.

"मी त्यांना पकडलं होतं. बाकीच्या पळाल्या. एक उभी राहिली. रोझविता. म्हटलं, चेंडू इकडे दे. तर तिने तो पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवला आणि मला म्हणाली, तू पूर्वी पहिल्या संघाचा गोलकीपर होतास ना? उभा राहा. अडवलास तर चेंडू तुझा आणि आम्ही परत येणार नाही. मी दाताळं बाजूला ठेवलं. मी छत्तीस वर्षांचा होतो, ती वीस. मला वाटलं, दोन मिनिटांत घरी जाईन."

लांबवर मुलांच्या शर्यतीची शिट्टी वाजली.

"ती चार पावलं मागे गेली. माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या बुटांकडे बघत होती. मी उजवीकडे वाकतोय हे तिने माझ्या आधी ओळखलं. डाव्या पायाने मारला, जमिनीलगत, दुसऱ्या कोपऱ्यात. जोरात नव्हता. आरामात गेला. मी तो जाताना बघत बसलो." त्याने काठी जमिनीत टोचली. "मग म्हणाली, पुन्हा मारू? मी नको म्हटलं. फाटक उघडलं ते त्या गोलापायी."

इर्मी उभी होती. जोरात नव्हता. बुटांकडे बघून मारायची. हो, समोरच्याच्या बुटांकडे बघायची, बोलतानासुद्धा. गिरणीत सगळ्यांना वाटायचं, लाजाळू आहे.

"मग केक कशाला?" इर्मीने तिथूनच विचारलं. "दीड वर्षं मी दर बुधवारी पीठ मळलं, म्हाताऱ्या!"

"पोरीने गोल मारला म्हणून फाटक उघडलं, असं मी बायकोला सांगणार होतो? केकसाठी उघडलं म्हटलं, तिला लगेच पटलं."

आता मात्र लोक हसले, हिरव्या शर्टांतल्या पोरीही. फक्त यूला हसली नाही. ती ओळीतून निघाली आणि सरळ अल्फोन्ससमोर जाऊन उभी राहिली. "उजवीकडे म्हणजे तुझ्या उजवीकडे की तिच्या?" तिने विचारलं. यूला संघाची गोलकीपर आहे. अल्फोन्सने तिला काठीने जमिनीवर काढून दाखवलं.

डेटलेफने खिशातून पेन काढलं. मानपत्रावरचे दोन छापील शब्द त्याने पट्टी लावून खोडले, वर "फुटबॉल" लिहिलं, आणि खाडाखोड झाली म्हणून शेजारी सही केली. पिन त्याने स्वतः इर्मीच्या कॉलरला लावली. जरा वाकडी लागली. "आणि भिंतीवरच्या पाटीचं काय?" इर्मीने विचारलं. डेटलेफ म्हणाला, पाटी लाकडात कोरलेली आहे, त्याला कार्यकारिणीचा ठराव लागेल. ठराव पुढे झाला. बदललेल्या सालाखाली रोझविताचं नावही कोरायचं ठरलं. त्यावर सुताराने विचारलं, तिचं आडनाव जुन्या पद्धतीने लिहायचं की नव्या, आणि इर्मीने त्याला रोझविताच्या भावाकडे पाठवलं.

कुंपणाचं काय करायचं यावर पोरींची दोन बैठकांत भांडणं झाली. ऑगस्टमध्ये नव्या दोन मुली आल्या. नुरायने त्यांना फाटकातून आत घेतलं, पेनल्टीच्या ठिपक्यावर चेंडू ठेवला आणि गोलात यूलाला उभं केलं. एकीने गोल मारला. दुसरीचा यूलाने अडवला, आणि मग तिचं काय करायचं हे कोणीच ठरवलं नव्हतं, म्हणून तिलाही घेतलं.

मेळाव्याच्या दिवशी लोक पांगल्यावर इर्मी अल्फोन्सला हाताला धरून घरापर्यंत सोडायला गेली होती. फाटकापाशी तो म्हणाला, "एक राहिलाय तुझ्याकडे."

"काय?"

"केक. सत्तरचा सप्टेंबर, दुसरा गुरुवार. प्लमचा कबूल केला होतास."

त्या गुरुवारी कोणी मैदानावर आलं नव्हतं. सकाळीच रोझविताला पुरून आले होते सगळे. त्यानंतर बंदी उठेपर्यंत कोणी आलं नाही, आणि नंतर फाटक उघडं ठेवायला केकची गरज उरली नाही.

"मी दिवे लावून ठेवले होते," अल्फोन्स म्हणाला.

इर्मीने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "जूनमध्ये कुठून आणू प्लम?"

"सप्टेंबरात येतात."

सप्टेंबरात प्लम आले, त्या वर्षी तर फांद्यांना टेकू द्यावे लागले. अल्फोन्सने दोनदा फोन केला. इर्मीने त्याला दोन्ही वेळा सांगितलं की ओव्हन बिघडलाय. ओव्हनला काही झालं नव्हतं, पण केक दिला की देणं फिटलं असतं.